एआय आणि सरकारी अ‍ॅपमुळे राजकारण बदलतंय, पण सामान्य माणसाला त्याचा फरक कुठे पडतो?

तुमचा प्रश्न असा की डीपफेक, एआय, सरकारी पोर्टल यांनी राजकारण आणि धोरणं बदलतायत असं सगळे म्हणतात, पण साध्या माणसाच्या आयुष्यात ते दिसतं कुठे? मी कोपरखैरण्यात एका ई-सेवा केंद्रावर नऊ वर्षं लोकांचे फॉर्म भरते आहे. त्या खुर्चीवरून दिसतं ते सांगते.

डीपफेकची, म्हणजे एआयने बनवलेल्या खऱ्यासारख्या खोट्या व्हिडिओ-आवाजाची, भीती खरी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तेव्हा एआय कोणाच्या हातात नव्हतं, तरी एवढं झालं. पण यावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी दुसऱ्या गोष्टीकडे येते.

माझ्या अनुभवात धोरण आता फॉर्मच्या रकान्यात ठरतं. जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, काहीही लिहिलेलं असो, स्क्रीनवर ज्या रकान्यापुढे लाल फुली असते तो भरता आला तरच माणूस पात्र.

गेल्या वर्षी एक मावशी आल्या. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडतात, माथाडींच्या चाळीत राहतात. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, वडील त्याच्याही आधी. एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, करायची होती. कांदे हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे त्यांचा अंगठा कधीच लागत नाही, पण या वेळी ओटीपी होता म्हणून मी निश्चिंत होते. त्यांचा ओटीपी आला. पुढचा रकाना आला तो पती किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाचा, आणि त्या आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीचा. तो मोकळा ठेवला की ‘सबमिट’ दाबताच येत नव्हतं. जीआरमध्ये विधवा पात्र आहेत असं स्वच्छ लिहिलेलं. मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “लिहिलंय ना तसं? मग भर की, बाळा.”

मी काय सांगणार होते? समोर कारकून असता तर त्याला ती ओळ दाखवून भांडले असते, साहेबाकडे गेले असते. पूर्वी लोक नगरसेवकाच्या ऑफिसात जायचे, तो फोन करायचा. पण नवी मुंबईत मे २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली साडेपाच वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, आणि नेमकी त्याच काळात एकेक सेवा अ‍ॅपवर गेली. जिथे जाऊन हुज्जत घालायची ती जागाच नाहीशी झाली, आणि माझ्या मते राजकारणात तंत्रज्ञानाने केलेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. वशिला होता, चहापाणी होतं. आज पैसे थेट खात्यात येतात, मधला माणूस हात मारत नाही, आणि याचा आनंद मी बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलाय. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, ते अशाच आशेने. ओळख पटली नाही म्हणून पात्र माणसाचा लाभ अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात बजावलंही आहे. पण निकालातलं ते वाक्य फॉर्ममध्ये उतरवायचं काम कोणीतरी करावं लागतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. तेलंगणात सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली होती. घरी जाऊन खातरजमा न करता संगणकाच्या भरवशावर ती रद्द केली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांची फेरपडताळणी करायला लावली. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात लबाडी शोधायला कर खात्याने संगणकी प्रणाली वापरली. हजारो निर्दोष आईबापांवर ठपका आला, घेतलेलं अनुदान परत करता करता घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

जानेवारीतल्या निवडणुकीत उमेदवारांची मुलं आमच्या गल्लीत मोबाइल घेऊन फिरत होती. कोणत्या खोलीत किती मतदार, हे त्यांना नाव टाकताच दिसत होतं. आमची इतकी माहिती त्यांच्या खिशात असते आणि आमचाच अर्ज का अडकला हे आम्हाला कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो. त्यातच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं अधिकाऱ्याला सोपं झालंय. लाभार्थ्यांच्या याद्या मागवून गडबड शोधणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम त्याने अवघड होणार.

तुमच्यावर अशी वेळ आली तर अडलेल्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा. संबंधित कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) लिहा. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण सांगणं, हे त्या कलमाने कार्यालयाचं कर्तव्य आहे. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण असेल तर तेही लिहून मागा.

मावशींच्या फॉर्मवर पुढे ‘पती व वडील हयात नाहीत’ असा पर्याय आला. बायकांनी आरडाओरडा केला, पेपरात आलं, तेव्हा आला. त्यांचे मधले हप्ते मात्र अजून जमा झालेले नाहीत. त्यासाठीचा अर्ज फेब्रुवारीत दिलाय. पोच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि दर सोमवारी मार्केट सुटलं की मावशी विचारायला येतात.