मुलानची गोष्ट करायला घेतोयस, तर

आधी मूळ कथागीत वाच: वडिलांऐवजी पुरुषवेषात युद्धावर जाणाऱ्या या चिनी मुलीचं. जेमतेम दोन पानांचं आहे. ते उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या उत्तर वेई घराण्याच्या काळातलं (इ.स. 386 ते 534) मानलं जातं आणि त्यातला राजा ‘खान’ आहे, म्हणजे हे उत्तरेकडच्या घोडेस्वारांचं जग. तिथे बीजिंगचा 15व्या शतकातला राजवाडा उभा केलास, तर जवळजवळ हजार वर्षांची गल्लत होईल. डिस्नेच्या 1998च्या चित्रपटात तशाच धाटणीचा राजवाडा आहे.

पण इमारतींपेक्षा तिचं घर जप, हे मी जास्त कळकळीने सांगेन. गीतात तिला मोठी बहीण आहे, धाकटा भाऊ आहे. बारा वर्षं सोबत लढूनही साथीदारांना ती मुलगी असल्याचा पत्ता लागत नाही. खान पद देऊ करतो, ती फक्त घरी जायचं मागते. म्हातारे आईबाप एकमेकांना धरून वेशीबाहेर येतात, बहीण नटते, आणि भाऊ डुक्कर-मेंढी कापायला सुरी परजतो. डिस्नेपटात ती एकुलती एक आहे. ‘धाकटा भाऊ’ हे तिथे कुत्र्याचं नाव! गजबजलेलं घर गेलं आणि एकट्या मुलीची स्वतःला शोधण्याची कथा उरली.

बदल करायला घाबरू नकोस. मिंग काळात (1368 ते 1644) श्यू वेई या नाटककाराने आपल्या नाटकात तिचे पाय बांधलेले दाखवले, लग्नही लावून दिलं. फक्त कुटुंब कापू नकोस. पाश्चात्त्य मुलांना ते सहज कळतं.

माझं ऐकशील तर पहिला स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्याचं कच्चं चित्र, त्या सुरी परजणाऱ्या भावाचा कर.