सोलापूरचं वाळवंट होणार नाही, पण माळ राहील का ते बघा

तुम्ही विचारलंय की हवामान बदलामुळे येत्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातली वनस्पतिसृष्टी कशी बदलेल, सोलापूरसारख्या ओसाड जिल्ह्याचं वाळवंट होईल का, आणि ते टाळायला आत्तापासून कोणती झाडं लावावीत. माझं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या बाजूला. आमच्या भागाला कुणी ओसाड म्हटलं की मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

वाळवंट होईल असं मला वाटत नाही. मोसमी पाऊस एकूण घटण्यापेक्षा वाढेल, असाच बहुतेक अंदाजांचा कल आहे. बदलतेय ती पडायची रीत. मधे लांबलचक उघडीप, आणि आला की दोन दिवसांत महिन्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर-सोलापूरकडे काय झालं ते आठवा, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा-मोहोळची गावं कशी पाण्याखाली घातली ते आठवा. असा पाऊस मुरमाच्या वरच्या थरात थांबत नाही. बराचसा वाहून जातो, उरलेला भेगांतून खोल उतरतो, आणि खोलवरचं पाणी गवताच्या मुळांना गाठता येत नाही, बाभळीच्या मुळांना येतं. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड. कारखानदारीच्या आधी दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. कुसळी, पवन्या, मारवेल ही माळावरची गवतं सी-४ गटातली. पानातल्या पानात कार्बन गोळा करून वापरायची सोय त्यांच्याकडे आधीच आहे, त्यामुळे जादा कार्बनचा त्यांना फारसा लाभ नाही. झाडंझुडपं सी-३ गटातली, त्यांची वाढ मात्र जोरात होते. शिवाय पानाची रंध्रं थोडीच उघडून भागत असल्यानं त्यांचं पाणीही वाचतं. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांत झुडपं दाटत चालली आहेत, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

तेव्हा मला भीती आहे ती माळ झुडपांनी गच्च होण्याची, त्यातही वेड्या बाभळीनं. ही अमेरिका खंडातली, १९व्या शतकात इंग्रजांनी इथं आणलेली. शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि लेंड्या-शेणातून बी गावभर पेरतात. एकदा जम बसला की खाली गवत उगवत नाही. तोडली तर बुडातून दुप्पट फुटते.

आता तुमच्या झाडं लावण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

आमचा भावकीतला एक मुरमाड माळ आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वडील असेपर्यंत तिथं दसरा झाला की गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी लावायची. पावसाळ्यानंतर एक धनगर आबा मेंढरं घेऊन यायचे, आधी माळावर चारायचे, मग आमच्या रानात रात्री बसवायचे. खताचा एक पैसाही खर्च नव्हता. उन्हाळ्यात माळ पिवळा पडायचा, पार भुंडा दिसायचा, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की आठवड्यात हिरवा. टिटवी, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना झाड नकोच असतं. काळविटालाही लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते.

माझा चुलत भाऊ पुण्यात असतो. मोठा आहे, दादाच म्हणतो मी त्याला. त्याच्या मनात आलं की गावासाठी काहीतरी करायचं. मंडळी गोळा केली, जेसीबी लावून माळभर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांब खड्डे, खोदले आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावली. गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचं, फांदी खोचली तरी लागतं, म्हणून सगळ्यांना सोयीचं. मी त्या दिवशीही म्हणालो होतो, “दादा, बांधावर लाव, ओढ्याच्या काठाला लाव, माळ सोड.” तो म्हणाला, “मोकळीच तर पडलीय जागा.”

तीन-चार पावसाळ्यांत झाडं माणसाच्या वर गेली आणि फोटो फार छान आले. सावलीखालची कुसळी-पवन्या विरळ झाली, चरांच्या भरावावर गाजर गवत माजलं आणि कापायला पेंढीभर गवत उरलं नाही. आबा एकदा येऊन बघून गेले. “हितं काय खातील जितराबं?” एवढंच म्हणाले. मेंढरं त्यानंतर दुसऱ्या गावाला बसतात, आणि आम्ही शेणखत विकत आणतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला दादा आला होता, तेव्हा शेतात हुरडा खाता खाता विषय निघाला. सगळ्यांसमोर म्हणाला, “तुला झाडांचं काय वैर हाय बे?” काकूंनी विषय बदलला म्हणून माझं उत्तर राहून गेलं. ते इथं देतो.

दादाचं म्हणणं असं की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला. हे चूक आहे. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या जुन्या मातीत कार्बनचे जे पुरावे मिळालेत, त्यांवरून सी-४ गवतं ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच उपखंडात पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड कुणाच्या हातात होती? लोणार सरोवराच्या गाळात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाची नोंद सापडते, म्हणजे कोरडेपणाही जुनाच. आमच्या भागात सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, खाली बेसाल्ट, वर वीतभर मुरूम. अशा ठिकाणी गवत आणि अधूनमधून हिवर, बोर, तरवड हीच मूळची वस्ती. आणि कार्बनचं म्हणाल तर गवत तो जमिनीखाली मुळांत ठेवतं. वणवा लागला, गुरं चरली, तरी तो तिथं बराचसा सुरक्षित असतो.

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये इथं अभयारण्य झालं, आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं. पुढे ते साधारण बाराशेवर आलं. पक्षी आता जवळपास दिसतच नाही. शिकार, पिकांतले बदल, विजेच्या तारा अशी कारणं बरीच आहेत, पण मोकळा माळ आकसला हेही त्यातच येतं.

बाकी महाराष्ट्राचं थोडक्यात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत सोलापूर. एवढ्याशा अंतरात वनस्पतींचे इतके पट्टे बसलेत, हवामान बदललं म्हणून ते सगळे एकत्र उचलून सरकणार नाहीत. प्रत्येक जात आपापल्या चालीनं सरकेल, काही मागं राहतील, आणि आज कुठंच नाहीत अशा जोड्या तयार होतील. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, फुलांना वर सरकायला जागाच नाही, ती आधीच माथ्यावर आहेत. कोकणातलं कांदळवन समुद्र वाढला तर आत सरकू शकतं, मागं भिंत आणि रस्ता नसेल तर.

झाडं नकोतच असं मी म्हणत नाही. सोलापूर शहरात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, तिथं रस्त्याकडेला कडूलिंब, करंज, वड हवेतच. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा. आणि कार्बनमुळे गवत हरेलच असंही ठाम नाही. उष्णता फार वाढली तर झाडंही वाळतील, चराई आणि वणव्यावरही बरंच अवलंबून आहे.

माळ असेल तर मात्र आधी वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती छाटू नका. दोन पावसाळे चराई बंद ठेवा, मारवेलाचे ठोंब लावा, बी झडल्यावरच गवत कापा, आणि मग मेंढरं बोलवा. दादा, तू हे वाचत असशील तर यंदा दसऱ्याला ये. गिरिपुष्पाचे बुंधे काढायला दोन माणसं मी लावतो, आबांना निरोप तू दे.