बंध तुटतात की जुळतात?

प्रश्न: मेणातले बंध, म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणारे दुवे, तुटले की त्यांतली ऊर्जा बाहेर पडते ना? मग मेणबत्तीला काडी का लावावी लागते?

उत्तर: शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी! बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, खर्च होते. तो पहिला खर्च काडी करते. तिच्या उष्णतेने मेण वितळतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफच. मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून दाखवते: मेणबत्ती विझवल्यावर वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच काडी लावली, की ज्योत झेप घेऊन वातीवर येते. वाफेतला कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडले जातात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले हे नवे बंध जुळताना खर्चापेक्षा जास्त ऊर्जा सुटते, ग्रॅमभर मेणामागे सुमारे ४५ किलोज्यूल. त्यातला प्रकाश अगदी थोडा, तोही तापलेल्या काजळीच्या कणांचा.