फ्रीक्वेन्सी लावूनही कीवर्ड सायफर सुटत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की कोड्यातल्या इंग्रजी मेसेजमध्ये फ्रीक्वेन्सी लावून, म्हणजे कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून, सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई धरलं तरी काहीच बनून नाही राहिलं. अहो, छोट्या मेसेजमध्ये तो हिशोब फसतोच. इंग्रजीत ई साधारण १२ टक्के येतं हे खरं, पण पानभर मजकूर असेल तर. वीसेक अक्षरांत टक्के काय डोंबल काढणार!

कीवर्ड सायफरची खरी गोम वेगळी आहे. वर ए ते झेड लिहितात, खाली आधी कीवर्ड, म्हणजे ठरवलेला गुप्त शब्द, त्यात रिपीट झालेलं अक्षर गाळायचं (आमच्या नागपूरच्या बर्डीचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, सिताबुल्डी, घेतलं तर दुसरा आय उडाला), आणि मग उरलेली अक्षरं सरळ एबीसीडीच्या क्रमाने. मेसेजमध्ये वरच्या अक्षराऐवजी त्याच्या खालचं लिहायचं. हा क्रमच त्याला उघडा पाडतो, लोक मात्र तिकडे बघतच नाहीत.

माझंच सांगतो. वाढदिवसाला भाचीने गिफ्ट लपवून चिठ्ठी दिली: एस-सी-यू, बी-डी-आर-एस, डी-क्यू, टी-जे-पी-यू-ओ, एस-सी-यू, एस-व्ही. मी शहाणा, एस चारदा आलं म्हणून त्याला ई धरलं आणि खापरीहून मेट्रोत बसलो ते बर्डी येईपर्यंत कागद खरडत राहिलो, ई ने सुरू होणारा दोन अक्षरी शब्द काही सापडेना. मग डोक्यात आलं की बावा, एस-सी-यू दोनदा आहे, तीन अक्षरी आहे, हे तर टी-एच-ई असणार. म्हणजे टी खाली एस, एच खाली सी, ई खाली यू.

आता शेवटचं एस-व्ही, म्हणजे टी आणि काहीतरी. पहिले वाटलं टी-ओ. पण एच खाली सी आहे आणि टी खाली एस, म्हणजे कीवर्ड एचच्या आधीच संपलेला दिसतो आणि मधलं सगळं क्रमाने चाललंय, तर ओ खाली एकदम व्ही कुठून येईल? क्रम मोडतो. व्ही ते झेड ही अक्षरं कीवर्डमध्ये तशीही कमी असतात आणि नसली की ती आपल्या जागेवरच राहतात, म्हणून व्ही म्हणजे व्हीच. टीव्ही! एच खाली सी तर आय खाली डी, जी खाली बी हे आपोआप आलं, बी-डी-आर-एस झालं जी-आय-काहीतरी-टी, म्हणजे गिफ्ट, एफ खाली आर. डी-क्यू म्हणजे आय-एस. टी-जे-पी-यू-ओ मध्ये टी खाली एस असल्यावर यू खाली टी, आणि शब्द झाला अंडर, म्हणून डी खाली पी.

आता खालची ओळ बघा: पहिल्या तीन जागा रिकाम्या, मग पी, यू, आर, आणि लगेच बी-सी-डी सुरू. सहा अक्षरी, शेवट पी-यू-आर. नागपूरच्या माणसाला अजून काय पाहिजे? टीव्हीखाली संत्रा बर्फीचा डबा होता, अर्धा पोरीने आधीच संपवलेला.

तर तुम्ही आधी टी-एच-ई शोधा, एकटं अक्षर दिसलं तर ते ए किंवा आय, आणि जे मिळेल ते लगेच त्या दोन ओळींच्या तक्त्यात भरा, नुसतं मेसेजवर लिहीत बसू नका. तक्त्यातच क्रम दिसतो. मेसेज रोमनमध्ये लिहिलेला मराठी असेल तर टी-एच-ई विसरा, तिथे ए चा पाऊस असतो आणि वाक्याच्या शेवटी ‘आहे’ बघायचं. काही खवट लोक कीवर्ड ए खाली न लिहिता मधेच कुठेतरी सुरू करतात, तेव्हा व्ही-डब्ल्यू-एक्स जागेवर नसतात पण ओळीने एकामागे एकच येतात, फक्त सरकलेले. तसा सरकलेला तुकडा दिसला की कीवर्ड त्याच्या आजूबाजूलाच असतो. तरी अडलं तर मेसेज इथे टाका, संध्याकाळी बघतो.