मॅडम, शांत झालो तर ड्युटी कोण करणार?

मी माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता अंगात-मनात काय चाललंय त्याकडं लक्ष द्यायला शिकवते, आणि हा प्रश्न मी या वर्षात इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आधीच कळतं, हा विचारणार. पोलीस असतो. स्वतःहून आलेला क्वचित, बायकोनं किंवा बहिणीनं आणलेला. ध्यान, श्वास, माइंडफुलनेस असलं काही बोलायला लागले की हात वर करून म्हणतो, मॅडम, ते सगळं बरोबर आहे पण आपली लाइन वेगळी, आम्ही शांत झालो तर लोक डोक्यावर बसतील. त्यात आता 2027 चं सिंहस्थ तोंडावर, म्हणजे नाशिकच्या पोलिसाला रजा हा शब्दच विसरायचा. म्हणून एका हवालदाराची गोष्ट लिहिते. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पहिल्या दिवशी ते आत आले आणि मी दाखवलेली खुर्ची सोडून दाराकडं तोंड होईल अशी दुसरी ओढून बसले. वय 41, बीपीची गोळी चालू, अॅसिडिटी कायमची, झोप तुकड्या-तुकड्यात. वहिनींनी सुरुवात केली, "हे घरी असतात पण असतात स्टेशनातच. परवा भाजीवाल्याला विचारलं, नाव काय, राहायला कुठं, धंदा कधीपासून." मी हसले, ते पण थोडे हसले. मग वहिनी म्हणाल्या, "आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, खाली यांच्या गाडीचा आवाज आला की टीव्ही बंद करून पुस्तक उघडून बसते." यावर कुणीच हसलं नाही.

ते स्वतः एकच म्हणाले, "मॅडम, सगळे चोरच आहेत असं वाटायला लागलंय. फिर्यादी पण."

बर्नआउट म्हणतात ते हेच. नुसता थकवा झोप काढली की जातो. हा जात नाही, कारण यात माणसांबद्दलच काही वाटेनासं होतं आणि आपण करतो त्या कामाला अर्थ नाही असं वाटायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची नोंद केली ती सुद्धा कामामुळं होणारी अवस्था म्हणून, आजार म्हणून नाही, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. त्यावर पुढं बोलते.

आधी माझी चूक सांगते. दुसऱ्या भेटीत मी नेहमीचंच केलं, डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या. पंधरा सेकंद पण झाले नसतील, डोळे उघडून ते उठूनच उभे राहिले, कपाळाला घाम. म्हणाले गरम होतंय. एसी चालू होता. मी ते तिथंच सोडून दिलं, पण रात्री घरी भांडी घासताना डोक्यातून जाईना की मी न विचारता या माणसाला कुठं ढकललं.

तिसऱ्या भेटीत ते बोलले. एका पावसाळ्यात गंगेला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलेलं, काठावर सेल्फी घेणाऱ्यांना हाकलायची यांची ड्युटी. (बाहेरच्यांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पूर मीटरमध्ये नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो.) पाणी ओसरल्यावर खाली एक लहान मुलगा सापडला. पंचनामा होऊन बॉडी सिव्हिलला जाईपर्यंत दोन तास हे एकटे तिथं उभे होते. एका पायात चप्पल तशीच होती. "डोळे मिटले की ती चप्पल दिसते मॅडम. म्हणून म्हटलं, डोळे मिटायला सांगू नका."

ज्याच्या डोक्यात असलं काही साठलंय त्याला सरसकट डोळे मिटून बसवणं म्हणजे त्याला परत त्या काठावर एकट्यानं उभं करणं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कळलं त्या चपलेमुळं.

माइंडफुलनेसचं आजचं ट्रेनिंग मुळात पोलिसांसाठी नव्हतंच. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात जुनी दुखणी घेऊन येणाऱ्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कोर्स सुरू केला. पुढं ओरेगॉनमध्ये पोलिसांसाठी तो बदलून घेतला, त्यांच्या कामातली उदाहरणं घालून. आपल्याला तर हे परकं पण नाही, इगतपुरी तासाभरावर, नाशिकमध्ये दर तिसऱ्या घरात कुणीतरी विपश्यनेला जाऊन आलेलं असतं. मी दोनदा दहा-दहा दिवस बसलेय, माझ्या कामाचा पायाच तो आहे, हे लपवत नाही. पण ज्याला साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही त्याला दहा दिवस मौनात बसा म्हणणं मला जमत नाही.

मग चौथ्या भेटीत मी ध्यानाचं नावच काढलं नाही. विचारलं, रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत खिसेकापू कसा ओळखता?

माणूस बदललाच एकदम. पुढं सरकून बसले, हातवारे सुरू. "सोप्पंय मॅडम. सगळी गर्दी देवाकडं नाहीतर पाण्याकडं बघत असते. खिसेकापू बघतो खिशाकडं, पिशवीकडं. मी माणूस नाही बघत, नजर बघतो. कुणाची नजर कुठं जाते."

"लगेच पकडता?"

"नाही ओ, आधी नुसतं बघायचं. लगेच धावलं की पळतो तो."

मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. अहो, जे शिकवायला मी आठ आठवडे घेते ते हा माणूस वीस वर्षं रोज करतोय! लक्ष कुठं जातं त्यावर लक्ष ठेवायचं आणि धावायचं नाही. फक्त त्याची सगळी नजर बाहेर आहे, आत एकही शिपाई नेमलेला नाही. मी म्हटलं, दादा, आता हेच स्वतःवर करा. डोळे उघडे ठेवा. दिवसातून पाच वेळा स्टेशन डायरीला घेतो तशी नोंद घ्यायची, वेळ आणि अंगात काय चाललंय. बस.

"अटक नाही?"

"अटक नाही."

"तपास?"

"तपास पण नाही. फक्त नोंद."

ते मोठ्यानं हसले, पहिल्यांदाच. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात ज्या दोन-चार वाक्यांचा मला अभिमान आहे त्यात हे "फक्त नोंद" येतं, आणि खरं सांगायचं तर ते अर्धं त्यांचंच आहे.

पुढच्या आठवड्यात खिशातली छोटी डायरी घेऊन आले. अक्षर अगदी ठाण्याचं. "11.15. साहेब ओरडले. जबडा आवळला, खांदे वर." "16.30. चहा. चहाची चव लागली." आणि एक अशी: "20.10. घराखाली गाडी बंद केली. वर टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. छातीत जड." ती वाचताना त्यांचा आवाज बसला. त्या दिवशी ते पाच मिनिटं गाडीवरच बसून राहिले होते, कमरेचा पट्टा तिथंच सोडला, हातात धरून वर गेले. पोरीला म्हणाले, लाव टीव्ही. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं टोमणा आहे. एका दिवसात नाही होत हे, तीन-चार आठवडे गेले.

आता मूळ प्रश्न, ढिले पडाल का? त्यांचंच उदाहरण देते. नाशिकच्याच द्वारका चौकात नाकाबंदी, एका बाइकवाल्यानं आईवरून शिवी दिली. डायरीत नोंद आहे, "हात काठीकडं गेला. तळवे गरम." हात थांबला, चलन थांबलं नाही. वर त्यांना दिसलं की मागं बसलेला पोरगा सारखा डिकीकडं बघतोय. (डिकीत काय होतं ते विचारू नका.) आवळलेला माणूस सावध असतो हा गैरसमज आहे. ताण चढला की नजर अरुंद होते, कान पण कमी ऐकतात, समोरचं एकच दिसतं. मोकळ्या माणसाला डिकी दिसते.

वाचणाऱ्यांत कुणी खात्यातलं असेल तर अगदी साधं सुरू करा. उभ्या बंदोबस्तात बुटाच्या आत पायाची बोटं हलवा आणि जमीन जाणवते का बघा, कुणाला कळत पण नाही. 112 चा कॉल संपवून दुसऱ्याला निघायच्या आधी एक श्वास सावकाश, लांबवर सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, त्यानं हृदयाची धडधड खरंच उतरते. पट्टा आणि बूट काढणं घाईत उरकू नका, ड्युटी संपल्याचं अंगाला तिथं कळतं. पहिल्याच आठवड्यात झोप येईल अशी आशा मात्र धरू नका, आधी तर चिडचिड जास्त जाणवते, कारण आता ती दिसायला लागते. आणि तीच दृश्यं परत परत येत असतील, रोज रात्री बाटलीशिवाय भागत नसेल तर नोंदीवर थांबू नका, सायकियाट्रिस्टला भेटा. आमचे दादा पण गेले, चपलेचं काम डायरीनं होणारं नव्हतं. मरावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, हत्यार जमा करा, त्यात कमीपणा नाही. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आणि साहेब लोकांना पण एक, बर्नआउट कामामुळं होतो हा फरक वर सांगितला तो त्यासाठीच. मला वर्षातून दोनदा तरी हॉलमध्ये बॅनर लावून तासाभराचं ताणतणाव शिबिर घ्यायला बोलावतात. मागच्या रांगा नाइट करून आलेल्या असतात आणि झोपतात. मी उठवत नाही, त्या खोलीतला सगळ्यात उपयोगी कार्यक्रम तोच असतो. बारा-बारा तास उभं करायचं, सुट्टी कापायची आणि वर सांगायचं श्वास घ्या, हे मला मान्य नाही, आणि बोलावणाऱ्यांना मी ते चहाच्या वेळी सांगते. काही परत बोलावतात, काही नाही.

दादा आता महिन्यातून एकदा येतात. बसतात अजून दाराकडं तोंड करूनच, मी पण ती खुर्ची आता तशीच लावून ठेवते. गेल्या विसर्जनाला रात्री त्यांचा मेसेज आला, नमस्कार-बिमस्कार काही नाही.

"23.55. गंगाघाट. बूट ओले, पाय गार. पाण्याकडं बघितलं. नोंद घेतली."