कीटकपेटी करवत नाही, कृषीचं शिक्षण सोडू का?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी कुटुंबातली. बीएस्सी ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी किडे पकडून, मारून पेटी करायची आहे. माझ्याच्यानं ते होत नाही. पण शेजारच्या काकांचा ऊस हुमणीनं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीनं, वाळला, तेही मी पाहिलंय. मला शेतकऱ्यांसाठीच काम करायचंय. मी चुकीच्या क्षेत्रात आले का?

उत्तर : नाही, क्षेत्र चुकलेलं नाही. पण तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत.

पेटीसाठी मारलेल्या किड्यांनी कुणाचं पीक वाचत नाही. बाटलीत किडे मारणाऱ्या इथाइल ॲसिटेट या रसायनाचा बोळा, मग भुंगेऱ्याच्या उजव्या पंखातून टाचणी, हे सगळं कीड ओळखता यावी म्हणून. ती ओळख दुसऱ्या वाटेनंही पक्की होते. सरांना लेखी अर्ज दे. जिवंत किडींचे फोटो, पानावरच्या नुकसानीच्या खुणा, जीवनक्रमाच्या नोंदी, दिव्याखाली आपोआप मरून पडलेले किडे, एवढ्यावर पेटी करू द्या म्हण. मान्य होईलच असं नाही. नाहीच झालं तर थोडे गुण सोड. मात्र सीनियरची जुनी पेटी आणून स्वतःच्या नावावर देऊ नकोस. त्यात नवा जीव जात नाही हे खरं, पण तो खोटेपणा आहे.

हुमणीचं तसं नाही. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, हा जुना आणि खात्रीचा उपाय. हे राहिलं की माद्या जमिनीत अंडी घालतात, पावसाळ्यात अळ्या उसाची मुळं कुरतडतात आणि हवालदिल शेतकरी सरीत कीटकनाशक ओततो. त्यात हुमणीबरोबर मातीतले निरुपद्रवी जीवही जातात. किडींना रोग लावणारी मेटारायझियमची बुरशी वापरली तर बाकीचे बरेचसे वाचतात, पण अळी मरतेच. म्हणजे इथे न मारता पीक वाचवणं जवळजवळ अशक्य. कमी मारणं शक्य आहे, तेही वेळ साधली तर.

हा पेच तुमच्या परंपरेला नवा नाही. संकल्पी, म्हणजे मुद्दाम ठरवून केलेली हिंसा श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला वर्ज्य, उद्योगी, म्हणजे पोटापाण्याच्या कामात होणारी हिंसा जमेल तितकी कमी करायची, हा भेद तू घरी ऐकला असशील. सांगली-कोल्हापूरकडचे जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आलेत. घरातले थोरले भुंगेऱ्यांचं काय करतात, ते त्यांनाच विचार.

आता करिअर. कृषी अधिकारी झालीस तर कीड आल्यावर शेतकऱ्याला औषध सांगावंच लागेल. मारणारे हात त्याचे, सल्ला तुझा. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि संमती दिलेलं, या तिन्हींचा दोष लागतो असं तुमच्याकडे मानतात, आणि मला ते अगदी पटतं. तेव्हा 'मी स्वतः मारत नाही' एवढ्या आधारावर ती नोकरी धरू नकोस.

हे ओझं पेलवणार नसेल तर मृदाविज्ञानाकडे वळ. तुझ्याच तालुक्यात पाण्याच्या अतिवापरानं क्षारपड झालेली जमीन आहे. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला की क्षार धुऊन जातात, पडीक रान पुन्हा पिकाखाली येतं. हे काम शेतकऱ्यासाठी लाखमोलाचं आहे. जलव्यवस्थापन, बियाणं तंत्रज्ञान, कृषी अर्थशास्त्र याही वाटा आहेत.

आणि पेलवेल असं वाटलं, तर कीटकशास्त्रातच राहा, असं मी मनापासून सांगेन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीड नुकसानीच्या पातळीपर्यंत पोचली का हे मोजल्याशिवाय पंप उचलू न देणारी माणसं या विषयात हवीत. तुझ्यासारखीचा हात औषधाच्या बाटलीकडे उगाच जाणार नाही.

एमएस्सीचा विषय ठरवायला अजून वेळ आहे. अर्ज मात्र याच आठवड्यात दे. प्रात्यक्षिकं अर्धी उरकल्यावर सरांची इच्छा असली तरी त्यांना फारसं काही बदलता येणार नाही.