दिल्ली ते टोकियो विमानाने अंतर किती आहे आणि जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का दिसतो?

तिकिटावर जाताना अकरा तास आणि येताना सहाच तास दिसतात, म्हणजे जाण्याचा प्रवास लांबचा आहे का, असे आपण विचारले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. थेट विमानाने दिल्लीहून टोकियोला साधारण साडेसात ते आठ तास लागतात, तर परतीला साडेनऊच्या आसपास. हिवाळ्यात त्याहून थोडे अधिकच.

घोळ घड्याळाचा आहे. टोकियोची वेळ दिल्लीच्या साडेतीन तास पुढे असते आणि हा फरक वर्षभर कायम राहतो. रात्री ८ वाजता निघालेले विमान साडेसात तासांनी उतरते, तेव्हा दिल्लीत पहाटेचे साडेतीन झालेले असले तरी टोकियोत सकाळचे ७ वाजलेले असतात. उलट, टोकियोहून सकाळी साडेअकराला निघून साडेनऊ तास उडाल्यावरही दिल्लीत संध्याकाळचे साडेपाचच होतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या छापलेल्या असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करून उपयोग नाही.

दोन शहरांमधील कमीत कमी हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर आहे. मात्र ही रेषा हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जाते आणि प्रवासी विमाने शक्यतो तो मार्ग टाळतात. केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर प्रवाशांच्या मास्कमधील ऑक्सिजन काही मिनिटेच पुरतो, तेवढ्यात विमानाला सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटमध्ये जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंचीवर आहे. म्हणून बहुतेक विमाने बंगालच्या बाजूने म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घेतात.

परतीचा जास्तीचा वेळ वाऱ्यामुळे लागतो. या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो. हिवाळ्यात जपानजवळ त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. (असे जोरदार वारे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून मोजले होते.) मी येथे सोपा हिशेब मांडतो. मार्ग ६,२०० किलोमीटरचा, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वाटेत वारा सरासरी ताशी १०० किलोमीटर धरला, तर जाताना वेग १,००० पडतो आणि सव्वासहा तास लागतात. येताना तो ८०० वर येतो आणि पावणेआठ तास होतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण्याचा वेळ यात वेगळा मिळवावा लागतो. उन्हाळ्यात हा झोत मंदावून उत्तरेकडे सरकत असल्याने तफावत कमी होते.

तिकीट काढताना विमानतळाचे नावही अवश्य पाहावे, कारण हानेदा टोकियो शहरातच आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे.